बदलापूरला फ्लॅट घेऊ काय, मावशी?

हा प्रश्न मला बेळगावात अनगोळ ते शहापूर कुठेही गाठतो. पिठाच्या गिरणीत, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर कपिलेश्वराच्या दर्शनाच्या रांगेत. पोराला नाहीतर पोरीला मुंबईत नोकरी लागलेली असते, पगार ऐकायला बरा असतो, आणि कोणीतरी सांगितलेलं असतं की बदलापूर, वांगणी, टिटवाळा, नालासोपारा इथे साध्या माणसाला अजून घर परवडतं. मी नोकरीची वर्षं मुंबईत फोर्टला काढली, आधी डोंबिवलीला भाड्याने आणि मग बदलापूरला स्वतःच्या घरात राहून. निवृत्त झाल्यावर अनगोळला परत आले. म्हणजे हिला माहीत असणारच, असा सगळ्यांचा हिशेब. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

माझं पहिलं सांगणं लोकांना पटत नाही, तरी सांगते. फ्लॅट बघायला नंतर जा, आधी गाडी बघायला जा.

आपल्याकडे घर म्हटलं की जागेचा विचार. 30 बाय 40 चा प्लॉट, बुडाचा (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाचा) लेआउट आहे काय, बोअरला पाणी किती फुटांवर लागतं, समोरचा रस्ता केवढा. स्टेशन किती लांब, हे बेळगावात घर घेताना कोण विचारत नाही. रेल्वेशी आपली गाठ पडते ती टिळकवाडीच्या गेटांवर, तीही गेट बंद असताना. खानापूरचा माणूससुद्धा बेळगावला कामाला येतो तो बसने नाहीतर दुचाकीवरून. देसूर आणि इदलहोंड ही स्टेशनं बहुतेकांना खिडकीतून पाहूनच माहीत. त्यामुळे आपण किलोमीटर विचारतो आणि गप्प बसतो.

मुंबईच्या किलोमीटरचं असं आहे. सीएसएमटीपासून डोंबिवली 48, कल्याण 54, बदलापूर 68. कल्याणच्या पुढे दोन फाटे फुटतात. एक अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, नेरळ करत कर्जतला जातो, ते 100 किलोमीटर. दुसरा टिटवाळा, वासिंद, आसनगाव करत कसाऱ्याला, ते 121. पश्चिम रेल्वेवर चर्चगेटपासून विरार 60, आणि 2013 पासून लोकल पुढे डहाणूपर्यंत जाते. फ्लॅटचा भाव या आकड्यांच्या उलट चालतो, अंतर वाढलं की भाव उतरला. बदलापूरहून फोर्टला रोज जाणं म्हणजे जवळजवळ निपाणीहून रोज बेळगावला येणं, असं मी इथे सांगते तेव्हा समोरचा जरा बिचकतो. मग मी सांगते की लोकलने ते सव्वा ते दीड तासात होतं आणि पाचशे रुपयांच्या आत महिन्याचा सेकंड क्लासचा पास मिळतो. लगेच त्याचा चेहरा खुलतो. दोन्ही गोष्टी खऱ्याच आहेत, आणि दोन्हींवरून घर ठरत नाही.

घर ठरतं ते सकाळच्या एका तासावर. ज्या स्टेशनचा विचार चाललाय तिथे कामाच्या दिवशी साडेसात ते साडेआठ नुसतं उभं राहायचं. इथून सुटणाऱ्या गाड्या किती, मागून भरून येणाऱ्या किती, हे मोजायचं. बदलापूरहून स्वतःच्या लोकल सुटतात, वांगणीला मात्र कर्जतहून आलेल्या गाडीतच चढावं लागतं. अंबरनाथच्या माणसाला कर्जतची गाडी म्हणजे दारापर्यंत भरलेली. विरारहून गाडी सुटते, म्हणून नालासोपाऱ्याच्या लोकांना त्यात चढताना काय यातना होतात ते त्यांनाच विचारा. पुढच्या, म्हणजे मुंबईच्या बाजूच्या स्टेशनावर घर घेणारा फ्लॅटला दोन-चार लाख जास्त मोजतो आणि उभं राहून जातो. मागच्या, जिथून गाडी सुटते त्या स्टेशनावरचा बसून जातो आणि घरी वीस मिनिटं उशिरा पोचतो. मी बसण्याच्या बाजूची आहे. पस्तिशीपर्यंत उभं राहणं निभतं, त्यानंतर गुडघे आणि पाठ हिशेब मागतात.

सुटणारी गाडी म्हणजे रिकामी गाडी, असंही समजू नका. अंबरनाथ, उल्हासनगरची माणसं पास बदलापूरपर्यंतचा काढतात, आधी डाऊन, म्हणजे मुंबईकडून येणाऱ्या गाडीने बदलापूरला येतात आणि तीच गाडी परत फिरते तेव्हा बसूनच राहतात. याला डाऊन करून येणं म्हणतात. बदलापूरकर फलाटावर उभा असतो आणि गाडी येते ती खिडक्या भरून. यावरून तिथे कायम भांडणं होतात. मला दोन्ही बाजू पटतात, म्हणून मी त्यात कधी पडले नाही. गाडी लागायच्या आधी पाच-सात मिनिटं फलाटावर असायचं आणि तिघांच्या बाकड्यावर कडेची चौथी सीट मिळाली तरी आनंद मानायचा.

आता दारापासून स्टेशनपर्यंतचं. जाहिरातीत लिहिलेलं असतं, स्टेशनपासून दहा मिनिटं. ती दहा मिनिटं मोटारसायकलची, रविवारी दुपारची. तुम्ही संध्याकाळी आठ वाजता गाडीतून उतरा, जिना चढा, पुलावरची गर्दी पार करा आणि त्या इमारतीपर्यंत चालत जा. जमलं तर जुलैत जा. पूर्व आणि पश्चिम हा भेद तिथे फार मोठा आहे. नकाशावर स्टेशनला चिकटलेली इमारत जर चुकीच्या बाजूला असेल, तर रोजचा पूल तुमच्या नशिबी. रिक्षाचा खर्च तर कोण धरतच नाही. शेअर रिक्षाला माणशी 20 रुपये धरा, जाऊन-येऊन 40, महिन्याचे 25 दिवस, झाले 1000. म्हणजे स्टेशन ते घर हे दोन-तीन किलोमीटर मुंबईपर्यंतच्या पासाहून दुपटीने महाग पडतात. नवरा-बायको दोघं नोकरीला असतील तर 2000. वीस वर्षांच्या कर्जाच्या हिशेबात ही रक्कम घाला आणि मग बघा, स्टेशनजवळचा महाग फ्लॅट खरंच महाग आहे काय. पोरगी एकटी राहणार असेल तर त्या वाटेवर रात्री दहाला दिवे असतात काय, दुकानं उघडी असतात काय, हेही बघायचं. आई-बापांनी स्वतः चालून बघायचं, एजंटाच्या गाडीत बसून नव्हे.

आमच्या मागच्या पिढीला यातलं काहीच करावं लागलं नाही. खानापूर, चंदगड, गडहिंग्लजकडची माणसं गिरणीत लागायची आणि लालबाग-परळला गावाच्या खोलीत राहायची. ग्रामस्थ मंडळाची खोली असायची, वळकटी आणि ट्रंक तिथे, जेवण खानावळीत, आणि भोंगा झाला की चालत कामावर. 1982 च्या संपानंतर गिरण्या बसल्या, नंतर त्या जागांवर टॉवर आले, आणि आपली माणसं कल्याण-डोंबिवली, नालासोपारा-विरारकडे सरकली. लोकलचं गणित आपल्या घरांत आलं ते तेव्हापासून. आज नातवंडं मुंबईला निघालीत त्यांच्या घरात ‘परळला उतर, आपली माणसं आहेत’ असं सांगणारे आजोबा अजून आहेत. माणसं असतील, पण पोराची कंपनी ऐरोलीला असते.

इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. मुंबईला नोकरी म्हणजे फोर्ट-चर्चगेट, हे आमच्या वेळचं. आता कोण ऐरोली-घणसोलीला, कोण पवईला, कोण बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात), कोण अंधेरीला. ऐरोलीला जायचं तर ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बर, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईला जाणारी लोकल, त्यामुळे कल्याण-बदलापूरची बाजू सोयीची. पवईला कांजूरमार्ग जवळ, पण तिथे फास्ट गाडी थांबत नाही, ठाण्याला बदला. अंधेरीच्या कंपनीसाठी बदलापूर ऐकलं की पूर्वी मी कपाळावर हात मारत असे. 2014 ला घाटकोपर-अंधेरी मेट्रो झाली तेव्हापासून निदान मार्ग तरी आहे, तरीही रोज दोन गर्द्या. त्याला वसई-विरारच बरं. कामाची जागा नवी मुंबईत बेलापूर-नेरुळकडे असेल तर पनवेल, आणि 2024 पासून उरणपर्यंत लोकल जाते म्हणून उलव्याकडची खारकोपरची बाजूही बघा. हार्बरला फास्ट गाडी नाही, सगळ्या स्टेशनांवर थांबत जाते, हे धरून चाला. आणि पोरं दोन वर्षांत कंपनी बदलतात. म्हणून मी जंक्शनच्या आसपासचं घर चांगलं मानते. कल्याण, ठाणे, पनवेल, वसई रोड. ठाणे परवडत नाही म्हणून सोडा, बाकीची तीन बघा.

मुंबईकर सल्लागार तुम्हाला एक गोष्ट कधी सांगणार नाही, कारण त्याला तिची गरज नाही. घर घेताना गावाकडची वाट बघा. दादरहून सुटणाऱ्या चालुक्य आणि शरावती एक्सप्रेस पुणे-मिरजेवरून बेळगावला येतात आणि वाटेत कल्याणला थांबतात. बदलापूरकराला उलटं कल्याणला यावं लागतं, पण ते पंधरा-वीस मिनिटांचं काम. विरारच्या माणसाला दादर गाठायचं म्हणजे सामान, पोरं आणि गर्दीची लोकल. रात्रीच्या खासगी स्लीपर बसने येणाऱ्यांना पनवेल-कळंबोली सगळ्यात सोयीचं, बस सायन-वाशी करत तिथेच येते. गणपतीला, यात्रेला, कोण आजारी पडलं तर धावत यायला, हा फरक वर्षानुवर्षं पडतो. माझ्या ओळखीची बेळगावची जी घरं कल्याणच्या आसपास टिकली, त्यांच्यामागे हे एक कारण आहेच.

पुण्याचं थोडक्यात. आपली निम्मी पोरं तिकडेच जातात, पण पुणे-लोणावळा लोकलकडे मुंबईच्या लोकलसारखं बघू नका. गाड्या मोजक्या, दुपारी त्याहून कमी. काम शिवाजीनगर, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी असं रुळालगत असेल तर तळेगाव, वडगावला घर घेऊन छान जमतं. हिंजवडी त्या मार्गावर नाही. तिथल्या नोकरीसाठी लोकलच्या भरवशावर तळेगावला घर घेणं म्हणजे शेवटी दुचाकीच.

पाणी दोन प्रकारचं बघायचं, नळाचं आणि पुराचं. राकसकोप धरणाचं पाणी काही दिवसांआड भरून ठेवायची बेळगावच्या बायकांना सवय आहे, पण इथे निदान टाकी स्वतःची असते. तिथे सोसायटीला एप्रिल-मेमध्ये टँकर किती लागतात आणि त्याचे पैसे कोण देतं, हे सेक्रेटरीला विचारून उपयोग नाही. तळमजल्यावरच्या बाईला विचारा. पुराचं म्हणाल तर उल्हास नदी बदलापूर-वांगणीच्या शेजारून वाहते. 2005 ला ती वस्तीत शिरली, 2019 ला पुन्हा. 27 जुलै 2019 ला कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधेच पाण्यात अडकली होती, हजारावर प्रवासी बोटींनी काढावे लागले. निपाणीच्या कितीतरी घरांत त्या सकाळी फोन चालू होते. बेळगावच्या बळ्ळारी नाल्याकाठी ज्यांची शेती आहे त्यांना मी पूररेषा म्हणजे काय हे सांगायला नको. नदीकाठचा ‘रिव्हर व्ह्यू’ नव्या लोकांसाठी सोडा.

कागदपत्रांत आपल्या माणसाला एक सुख वाटतं. इथे उतारा हातात आला की कन्नड वाचणारा शोधावा लागतो, तिथे सातबारा मराठीत. त्या आनंदात बाकीचं बघायचं विसरू नका. क्षेत्रफळ कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतलं वापरायचं, विचारा. बिल्डरांसाठीच्या रेरा कायद्याने ते सांगावंच लागतं. आपण गुंठ्यात विचार करतो, गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. 450 चौरस फूट कार्पेट म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून कमी जागेत दोन खोल्या, स्वयंपाकघर, सगळं, हे डोळ्यांसमोर आणा. महारेराचा (त्या कायद्याखालच्या महाराष्ट्राच्या प्राधिकरणाचा) नोंदणी नंबर 2017 पासून असतो, पण नुसत्या नंबरावर विसंबू नका. कल्याण-डोंबिवलीतल्या ज्या 65 इमारती पाडायचा आदेश उच्च न्यायालयाने 2024 ला दिला, त्यांनी महापालिकेच्या खोट्या परवानग्या दाखवूनच रेराची नोंदणी मिळवली होती. आत राहणाऱ्या कुटुंबांनी कर्ज काढून, पूर्ण किंमत मोजून घरं घेतलेली. म्हणून बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र पालिकेत जाऊन पडताळायचं, आणि सरकारी बँक त्या इमारतीला कर्ज देते काय हे विचारायचं. सगळ्यात स्वस्त फ्लॅटला फक्त एखादीच पतसंस्था कर्ज देत असेल, तर स्वस्ताईचं कारण तिथेच कळलं.

आणि इतकं करूनही लगेच घेऊ नका. अकरा महिन्यांच्या कराराने त्याच स्टेशनला भाड्याने राहा, असा करार की त्यात एक पावसाळा येईल. रुळांवर पाणी भरलं की काय होतं, रविवारच्या मेगाब्लॉकला काय होतं, शेवटची गाडी चुकली तर कुठे झोपायचं, हे सगळं त्यात कळतं. आई-बाप म्हणतात, भाडं म्हणजे पैसे पाण्यात. बेळगावात घरभाडं भरणं लोकांना कमीपणाचं वाटतं, ते मला माहीत आहे. तरी भरा.

तर मुलाला आधी विचारून घ्या, ऑफिस कुठल्या स्टेशनला, कामाची वेळ कुठली, आणि रोज जायचंय की आठवड्यातून तीन दिवस. तीनच दिवस असेल तर कर्जत-नेरळसुद्धा चालेल, मग माझं वरचं बरंचसं रद्द. हे तिन्ही कळलं की फोन करा. चारनंतर करा, दुपारी मी झोपते.