भाकरी करते कोण?

आमच्या घरी आठवड्यातून पाच रात्री शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, भाकरी असते, असे सांगितले की ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न ‘छान, पण करते कोण?’ हाच असतो. पूर्वी मला या प्रश्नाचा राग येत असे. आता वाटते की कुटुंबाच्या सकस आहाराबद्दल विचारण्यासारखा खरा प्रश्न हाच आहे, कारण काय खावे हे आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असते. अडते ते रात्री आठ वाजता, दमून घरी आल्यावर, परातीसमोर उभे कोणी राहायचे यावर.

सासूबाईंचे मनगट दुखू लागले आणि आमच्या घरातली भाकरी बंद पडली. तिची जागा आधी पोळीने, मग ‘आजच्या दिवस’ म्हणून आणलेल्या ब्रेडने आणि पाकिटातल्या शेवयांनी घेतली, आणि तो आजचा दिवस दोन वर्षे चालला. कचऱ्याच्या बादलीत सगळ्यात जास्त भरणा रिकाम्या पाकिटांचा होतो आहे, हे आधी मुलीच्या लक्षात आले, माझ्या नाही. सल्ला देणारे पुष्कळ होते, वेळ मात्र कोणाकडेच नव्हता. शेवटी आम्ही वार वाटून घेतले. सोमवार आणि गुरुवार माझे, मंगळवार आणि शुक्रवार नवऱ्याचे, आणि शनिवारी सासूबाई पाटावर बसून सूचना देतात व मुलगी भाकरी थापते. बुधवारी आणि रविवारी आमटी-भात.

नवऱ्याच्या पहिल्या आठवड्यातल्या भाकऱ्या काठाला फाटत, तव्यावर टाकताना मधून दुभंगत, आणि तो दोष स्वतःच्या हाताला देत असे. सासूबाईंनी चिमूटभर पीठ बोटांत चोळून पाहिले आणि म्हणाल्या, “अरे, पिठाची विरी गेलीय, त्याला तू काय करणार?” विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा. ज्वारीत गव्हासारखा तो धरून ठेवणारा घटक नसतो, त्यामुळे पीठ जुने झाले की ते हाताखाली सुटू लागते. तेव्हापासून आम्ही एका वेळी आठवड्याला पुरेल एवढेच, म्हणजे साडेतीन किलो, दळून आणतो. पिठात उकळते पाणी ओतून ते आधी उलथन्याने कालवायचे, हाताला सोसेल इतके निवले की तळहाताच्या टाचेने रगडून मळायचे, भाकरी पिठाची बाजू वर करून तव्यावर टाकायची आणि तिच्यावरून पाण्याचा हात फिरवायचा. हे पाणी पूर्ण सुकण्याआधी भाकरी उलटली नाही तर पापुद्रा सुटत नाही. हा एक क्षण त्याला साधायला दोन महिने लागले. मला किती लागले होते, हे मी त्याला सांगितलेले नाही.

भाकरीचे गुणगान करताना मात्र थोडे जपून बोलावे, असे मला वाटते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अन्नघटकांच्या तक्त्यांत १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने आणि जवळपास तितकेच तंतुमय घटक दिलेले आहेत, तर पॉलिश केलेल्या तांदळात हे तंतू ३ ग्रॅमांच्या आतच असतात. परंतु गव्हाच्या कोंड्यासकट दळलेल्या पिठाचे आकडेही ज्वारीच्या जवळपासच आहेत, म्हणजे पोळी खाणाऱ्याने अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. आमच्या ताटात खरा फरक पडला तो भाकरीसोबत जे आले त्यामुळे. ब्रेडबरोबर जॅम येतो; भाकरीबरोबर पिठले, मुगाची उसळ, मेथी, तांदुळजा, कच्चा कांदा, शेंगदाण्याची चटणी येते. ज्वारीतले लोह शरीराला सहज मिळत नाही, म्हणून पिठल्यावर लिंबू पिळतो आणि जेवणानंतर लगेच चहा घेत नाही. हा दुसरा नियम घरात सर्वांत जास्त मोडला जातो, आणि मोडणारी बहुधा मीच असते.

भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हा दुकानांत ज्वारीची बिस्किटे दिसू लागली. एकदा उत्साहाने एक पुडा आणला आणि मागचा मजकूर वाचला, तर पहिला मैदा, मग साखर, मग तेल आणि ज्वारी त्यांच्याही मागे. गुळाचेही असेच. आमच्या या उसाच्या मुलखात गूळ म्हणजे औषधच समजतात. पण गुळाचा बहुतांश भाग साखरच असतो, त्यामुळे चहात साखरेऐवजी गूळ घालून चमचा मोठा करण्यात काही अर्थ नाही.

शाळू आम्ही जत भागातल्या एका शेतकऱ्याकडून थेट घेतो. सांगली जिल्ह्याचा तो पूर्वेकडचा भाग पर्जन्यछायेतला. ताकारी, टेंभू आणि म्हैसाळ या उपसा योजनांनी कृष्णेचे पाणी दुष्काळी तालुक्यांत नेले, आणि पाणी आले की शेतकऱ्याचे मन ऊस-द्राक्षांकडे वळणार, त्यात त्याचे काही चुकत नाही. ऊस वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ रानात उभा राहून पाणी पितो. शाळू मात्र सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरला की काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर फेब्रुवारी-मार्चपर्यंत हाताशी येतो, शिवाय मागे जनावरांना कडबा ठेवून जातो. आमच्या शेतकऱ्याचे म्हणणे असे की कडब्याला भाव नसता तर त्याने शाळू केव्हाच सोडला असता. म्हणजे माझी भाकरी त्याच्या म्हशीच्या जिवावर टिकून आहे.

वर्षाला आम्हाला पावणेदोन क्विंटलच्या आसपास शाळू लागतो. तो एकदम भरून ठेवण्याची रीत आमच्याकडे २०१९ पर्यंत होती. त्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले तेव्हा आम्ही माणसे, कागदपत्रे आणि गॅसची टाकी वर नेली. पत्र्याची कोठी खालीच राहिली. पाणी ओसरल्यावर कोठीचे झाकण उघडेना, कारण धान्य फुगून आतून दाटले होते, आणि ते उचकटल्यावर आलेला आंबूस वास फिनेल टाकूनही कितीतरी दिवस गेला नाही. घरात भाकरी तेव्हा सासूबाईच करीत असत. त्या कोठीपाशी नुसत्या उभ्या राहिल्या, काही बोलल्या नाहीत. आता निम्मा शाळू पाडव्याच्या सुमारास येतो, वैशाखाच्या उन्हात गच्चीवर दोन दिवस खडखडीत वाळतो आणि कडुनिंबाचा सुकवलेला पाला घालून वरच्या मजल्यावर ठेवला जातो; उरलेला निम्मा दिवाळीनंतर, पुराची भीती टळल्यावर घेतो. तोवर तो शेतकऱ्याच्याच घरी असतो, आणि पोती तीच पुन्हा पुन्हा वापरली जातात.

शाळेच्या डब्याचा प्रश्न काही काळ सुटला नव्हता. दुपारपर्यंत भाकरीचे पापड होते, अशी मुलाची तक्रार होती आणि ती रास्त होती. तोडगा सासूबाईंच्या आठवणीत निघाला: पूर्वी लांबच्या प्रवासाला नेत असत त्या दशम्या. पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवले की दशमी दुपारपर्यंत मऊ राहते. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि दह्याची छोटी स्टीलची डबी. रात्रीची भाकरी उरलीच तर सकाळी कुस्करून कांदा-मिरचीच्या फोडणीत परतली जाते, त्यामुळे ती कचऱ्यात जात नाही.

परवा मंगळवारी नवऱ्याला कामावरून यायला उशीर झाला. मी सवयीने परात खाली काढली, तर मुलाने ती परत जागेवर ठेवली आणि म्हणाला, “आई, आज तुझा वार नाही.” आम्ही सगळे भुकेले, पावणेनऊपर्यंत वाट पाहत बसलो.