‘ए ग्रेव्ह’ ऐकू आलं की मी काय करते

परीक्षेला मिळणारा लेखनिक आणि जादा वेळ, याबद्दल एका कार्यालयाची मेल आली होती. विषयाच्या ओळीत परीक्षेचं इंग्रजी नाव होतं, तेवढं नीट ऐकू आलं. मजकुरावर गेले तर कानावर नुसता गोंधळ. मी पूर्ण अंध आहे. विंडोजवर एनव्हीडीए हा पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर आणि मेलसाठी थंडरबर्ड वापरते.

“कुणाकडून तरी वाचून घे” हा सल्ला लगेच मिळाला. पण त्या मेलमध्ये माझ्या अपंगत्व प्रमाणपत्राचा तपशील असणार होता. माझं पत्र मला स्वतःलाच वाचायचं होतं.

बाणाच्या कळीने एकेक अक्षर ऐकायला घेतलं. “ए ग्रेव्ह, करन्सी, रजिस्टर्ड,” म्हणजे à, ¤, ® ही चिन्हं. पुन्हा “ए ग्रेव्ह, करन्सी” आणि तिसरं काहीतरी वेगळंच. नमपॅडवरचं २ पटापट तीनदा दाबलं की एनव्हीडीए त्या अक्षराचा क्रमांक सांगतो. पहिल्याचा २२४, दुसऱ्याचा १६४. इथे माझा जीव भांड्यात पडला. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटचं, म्हणजे तीन क्रमांकांचं असतं. त्यातला पहिला २२४ आणि दुसरा १६४ किंवा १६५. म्हणजे मराठी शाबूत होती, फक्त प्रत्येक बाइट हे वेगळं रोमन अक्षर समजून वाचलं जात होतं. “ए ग्रेव्ह, करन्सी, रजिस्टर्ड” म्हणजे आपला साधा ‘म’.

कंट्रोल-यू दाबून मेलचा मूळ स्रोत उघडला. ‘कंटेंट-टाइप’च्या ओळीत कॅरसेटचा, म्हणजे अक्षरं कोणत्या पद्धतीने वाचायची याचा, उल्लेखच नव्हता. मग ऑल्ट-व्ही दाबून व्ह्यू मेनूतलं ‘रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग’ निवडलं आणि एनव्हीडीएच्या ईस्पीक या आवाजात “महोदया” ऐकू आलं. तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ, लेखनिकाची माहिती कोणत्या नमुन्यात द्यायची, सगळं ओळीने वाचलं.

मजकूर जपून ठेवायला नोटपॅडमध्ये चिकटवला. माझ्या जुन्या विंडोजवर सेव्ह करताना सूचना आली: फाइलमध्ये युनिकोड अक्षरं आहेत, एएनएसआयमध्ये ठेवली तर ती जातील. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांना सामावणारे अक्षरसंकेत, यूटीएफ-८ ही ते साठवण्याची पद्धत; एएनएसआय ही जुनी पद्धत, तिच्यात मराठी मावत नाही. ही सूचना ऐकून घाईत एंटर दाबू नका. कॅन्सल करा, सेव्ह अ‍ॅजमध्ये ‘एन्कोडिंग’वर जा आणि यूटीएफ-८ निवडा. नाहीतर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं उरतात. अशी प्रश्नचिन्हं मेलच्या मूळ स्रोतातही सापडली, क्रमांक ६३, तर आपल्या बाजूने काहीच करता येत नाही. पाठवणाऱ्याकडून नवी मेल मागवावी लागते.

मेलला जोडलेल्या वर्ड फाइलचं दुखणं निराळंच. तिथे “ई, जी, के, जे, के” अशी साधी इंग्रजी अक्षरं. एनव्हीडीए-एफ दाबल्यावर फॉन्टचं नाव आलं: कृतीदेव. डोळ्यांना तिथे ‘महारा’ दिसतं, कारण मराठी फक्त फॉन्टच्या आकारात असते. स्क्रीन रीडरला आकार दिसत नाहीत, मिळतात ते खालचे इंग्रजी संकेत. तो मजकूर कृतीदेवचा युनिकोड करणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढला. काही जोडाक्षरं तुटली, पण अर्थ लागला.

अर्ज भरून पाठवताना कार्यालयाला दोनच ओळी लिहिल्या: मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा आणि मेलच्या सेटिंगमध्ये यूटीएफ-८ ठेवा. पुढचं पत्र आलं ते पहिल्या अक्षरापासून मराठीतच बोललं.