कॉक्स बझारमधलं एक वर्ष, आणि जाणाऱ्यांसाठी थोडं

बांगलादेशात कॉक्स बझारला, रोहिंग्यांच्या छावण्यांसाठी चालणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या कामात रुजू झाले आणि पहिल्याच आठवड्यात माझा पाच ओळींचा मजकूर एक शब्द बदलून परत आला. मी 'निर्वासित' लिहिलं होतं. बांगलादेशाने १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही (आपणही नाही), त्यामुळे सरकारी कागदावर रोहिंग्या हे 'बळजबरीने विस्थापित झालेले म्यानमारचे नागरिक' असतात. आमच्या इतर कागदांवर मात्र 'रोहिंग्या निर्वासित' चालायचं. कुठला कागद कुठल्या टेबलावर जाणार, हे आधी विचारायचं आणि मग लिहायला घ्यायचं. पुण्यात सहा वर्षं उपसंपादकी केली होती, पण हे कुणी शिकवलं नव्हतं.

मी २०२३मध्ये संयुक्त राष्ट्रांची स्वयंसेवक म्हणून गेले. काम आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेच्या, म्हणजे आयओएमच्या, संपर्क विभागात. ही संघटना १९५१ सालची, मुख्यालय जिनिव्हात. संयुक्त राष्ट्रांच्या परिवारात ती आली २०१६मध्ये. स्वयंसेवकांचा कारभार जर्मनीतल्या बॉनहून चालतो. 'स्वयंसेवक' म्हटल्यावर घरच्यांना वाटलं, फुकटचं काम. तसं नाही. पगार नसतो, पण दरमहा निर्वाह भत्ता मिळतो, विमा असतो, महिन्याला अडीच दिवस रजा जमा होते. त्यात राहणं-खाणं नीट भागतं. घरी गृहकर्जाचा हप्ता चालू असेल तर मात्र आधी कागदावर हिशेब मांडा.

अर्ज संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमाच्याच संकेतस्थळावर करायचा. १८ ते २६ वयासाठी युवा गट, २७च्या पुढे तज्ज्ञ. मुलाखतीत मला लेखनाबद्दल एकच प्रश्न आला. बाकी सगळे 'अमुक प्रसंगी तुम्ही काय केलंत' या धाटणीचे. तेव्हा स्वतःच्या कामातले चार-पाच प्रसंग तयार ठेवा, त्यात एक फसलेलाही. निवडीचा मेल आला आणि मी उतावळेपणाने त्याच दिवशी राजीनामा देऊन टाकला. पुढे वैद्यकीय तपासणी, करार, व्हिसा यांत दोन महिने बिनपगारी घरात बसले. व्हिसा हातात पडेपर्यंत नोकरी सोडू नका. सुरक्षेचं ऑनलाइन प्रशिक्षण सक्तीचं आहे, ते याच काळात उरकता येतं.

मी पुण्याहून कोलकाता, तिथून ढाका आणि पुढे तासाभराच्या विमानाने कॉक्स बझारला गेले. डिसेंबर २०२३पासून ढाक्याहून थेट रेल्वेही सुरू झाली. कोलकाता-ढाका रेल्वे मात्र जुलै २०२४पासून बंद पडली, तिच्या भरवशावर बेत आखू नका. गावात फिरायला बॅटरीवर चालणारी टमटम. छावणीत जायचं ते संस्थेच्याच गाडीने, दीड-दोन तास. सोबत पास हवाच, तो निर्वासित मदत आयुक्तांच्या कार्यालयातून मिळतो. दुपारी चारच्या सुमारास बाहेर पडायचं, म्हणजे प्रत्यक्ष काम करायला चार-साडेचार तास उरतात. सुट्टी शुक्रवार-शनिवारी. रविवारी आई फोन करायची आणि मी नेमकी कामात.

कुटुपालोंग-बालुखालीची छावणी पहिल्यांदा बघताना नजर टेकडीवरून टेकडीवर जाते आणि ताडपत्री काही संपत नाही. ऑगस्ट २०१७नंतर सात लाखांहून जास्त माणसं इथे आली. पक्कं बांधकाम करू देत नाहीत, म्हणून सगळं बांबू आणि ताडपत्रीचं. पावसाळ्यात चढण साबणासारखी होते. गमबूट तिथल्या बाजारात मिळतात, इथून ओझं नेऊ नका.

आता फोटोबद्दल, कारण अर्ध्या लोकांना या कामाची ओढ त्यासाठीच असते. गॅस सिलिंडर वाटपाच्या रांगेत एका बाईंचा मी फोटो घेतला. परवानगीचा फॉर्म वाचून दाखवला, त्यांनी अंगठा दिला, सगळं नियमात. परतताना आमच्या रोहिंग्या दुभाषी ताई हळूच म्हणाल्या, "त्या नाही कशा म्हणणार? सिलिंडर देणाऱ्यांचंच नाव तुमच्या जॅकेटवर आहे." दुसऱ्या दिवशी ताईंना घेऊन त्यांच्या घरी गेले आणि तोच प्रश्न परत विचारला. बाईंनी आधी चहा दिला, मग हसून सांगितलं, कालचा फोटो नको. त्यांच्यासमोरच फोटो पुसला. मदतनिधी देणाऱ्यांसाठीच्या अहवालात त्या पानावर सिलिंडरचा ढीग छापला गेला. कुणाचं काही अडलं नाही. वाटपाच्या रांगेत परवानगी मागू नका, आणि बायकांशी बोलायला बाईच दुभाषी घ्या.

भाषेचं आणखी एक. कॉक्स बझारचे स्थानिक सहकारी चाटगावी, म्हणजे चितगावकडची बोली, बोलतात, ती रोहिंग्या भाषेच्या जवळची; ढाक्याहून आलेल्यांची मात्र माझ्याइतकीच पंचाईत. काही तरुणांना सिनेमांमुळे हिंदी कळतं, पण त्यावर विसंबू नका. मे महिन्यात मोखा चक्रीवादळ येणार म्हणून आम्ही सूचनांची पत्रकं केली होती, सुबक, रंगीत. वाचता येणारे थोडे. खरा उपयोग झाला तो भोंग्यांचा, मशिदीच्या लाउडस्पीकरचा आणि एक-दोन-तीन झेंड्यांच्या इशाऱ्याचा. आमच्या ध्वनिमुद्रणात चक्रीवादळाला बांगला 'घूर्णिझड' होतं. एका रोहिंग्या स्वयंसेवकाने ऐकून मान हलवली. लोक म्हणतात 'तुआन'. रात्री अकराला सगळं पुन्हा रेकॉर्ड केलं. १४ मे रोजी वादळाचा मुख्य तडाखा म्यानमारच्या किनाऱ्याला बसला, आम्ही थोडक्यात वाचलो.

त्याच वर्षी रेशनची कपात झाली. माणशी महिना १२ डॉलरचे मार्चमध्ये १० झाले, जूनपासून ८. रेशन जागतिक अन्न कार्यक्रमाचं, आमच्या संघटनेचं नव्हे. पण जॅकेट घातलेला कुणीही दिसला की लोक त्यालाच विचारणार. माझ्याकडे मंजूर उत्तरांचा कागद असायचा. एका आजोबांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि मग बोटांवर हिशेब मांडला: आठ डॉलरचे ८४० टाका (बांगलादेशी चलन), तीस दिवस, म्हणजे दिवसाला २८. "हे आहे का तुमच्या कागदावर?" नव्हतं. संध्याकाळी मी तो आकडा ऑफिसच्या टिपणात घातला. पुढे तो कुठवर गेला कोण जाणे. असे प्रश्न येणारच, म्हणून तक्रार कुठल्या खिडकीवर नोंदवायची एवढं तरी पाठ करून जा.

खाण्याचे हाल होत नाहीत. मासे खाणाऱ्यांची तर चंगळच. नाझिरारटेकला मासे वाळवायच्या मांडवांवर 'लोइट्टा' म्हणून जे टांगलेलं दिसलं, ते चक्क आपले बोंबील. त्याचं भरीत करतात, लाल मिरची आणि कच्चा कांदा घालून. मी दोन किलो आणले, चार पिशव्यांत गुंडाळून, तरी सगळ्या कपड्यांना वास लागला.

२०२५मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवल्यापासून या क्षेत्रात जागा फार कमी झाल्या आहेत. सहा-आठ महिने उत्तर आलं नाही तरी मनाला लावून घेऊ नका. बांगला येत असेल तर ते अर्जात अगदी वर लिहा. आणि निवड झाली, आता प्रक्रिया शुल्क भरा असा मेल आला, तर तो खोटा समजा. ही मंडळी अर्जदाराकडून एक रुपयाही घेत नाहीत.