बिंदुनामावली करताना दिसलेलं रुग्णालय

मराठवाड्यातल्या एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मी आस्थापना शाखेत लिपिक आहे. गट-ड ची भरती निघणार होती. त्याआधी बिंदुनामावली, म्हणजे कोणतं पद कोणत्या प्रवर्गासाठी आहे आणि त्यावर कोण आहे हे क्रमवार (बिंदूवार) दाखवणारी आरक्षणाची नोंदवही, छत्रपती संभाजीनगरला विभागीय आयुक्त कार्यालयातल्या मागासवर्ग कक्षाकडून, आमच्या भाषेत 'मावक'कडून, प्रमाणित करून आणायची होती. ते काम माझ्या टेबलावर आलं.

टक्केवारी पाठच असते: अनुसूचित जाती १३, जमाती ७, इतर मागासवर्ग १९, भटके-विमुक्त वगैरे धरून एकूण ५२; त्यावर आर्थिक दुर्बल १० आणि २०२४ च्या कायद्याने एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग, म्हणजे मराठा समाज) १०. हिशेब रिक्त जागांवर नाही, मंजूर पदांवर. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या सभरवाल निकालापासून तसंच आहे. डोकं खातं ते माणूस कोणत्या बिंदूवर बसवायचा हे. सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर जात असते, पण तेवढ्यावर भागत नाही. मागास प्रवर्गातला उमेदवार गुणवत्तेने खुल्या जागेवर लागला असेल, तर तो खुल्याच बिंदूवर दाखवायचा. त्यासाठी मूळ आदेश आणि निवड यादी पाहिजे, आणि त्या अभिलेख कक्षात, बस्त्यांत बांधलेल्या. शेवटी निवृत्त बडे बाबूंना फोन लावला. "त्या भरतीचा बस्ता लाल कपड्यात हाय, खालच्या फळीवर बघा." निघाला तिथंच.

मधेच एक कक्षसेवक निजामकालीन नोंदीवरून मिळालेलं कुणबी प्रमाणपत्र घेऊन आला. "साहेब, आता माझा बिंदू बदलंल का?" नेमणूक ज्या प्रवर्गातून झाली तीच नोंद राहते, लेकरांना उपयोग होईल, असं सांगितलं. तो खुशीत गेला की नाराज, कळलं नाही.

समांतर आरक्षणाचे, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतच लागू होणाऱ्या आरक्षणाचे, रकाने वेगळे. महिला ३० टक्के, माजी सैनिक १५, भूकंपग्रस्त २. इतर विभागांत भूकंपग्रस्ताच्या रकान्याकडे फारसं कुणी बघत नसेल. आमच्याकडं किल्लारी-सास्तूर भागातली माणसं त्याच दाखल्यावर नोकरीत आहेत. दिव्यांगांच्या ४ टक्क्यांची नोंदवही स्वतंत्र. १९९५ च्या कायद्यात हे प्रमाण ३ होतं.

प्रत्येक संवर्गाचा गोषवारा काढला आणि सफाईगारांच्या पानावर थांबलो. कक्षसेवकांत, शिपायांत जमातीचा अनुशेष, म्हणजे वाट्यापेक्षा कमी माणसं. सफाईगारांत अनुसूचित जातीसमोर 'अतिरिक्त'. सफाई कामगारांसाठीच्या लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार वारसा हक्काने बाप गेला की पोरगा, सासू निवृत्त झाली की सून लागते. सांडपाण्याचं, मैल्याचं काम त्याच घरांत फिरत राहतं. ज्यांच्यासाठी ही शिफारस झाली, त्यांना त्या नोकरीचा आधार आहे, हे मला मान्य आहे. पण 'अतिरिक्त' म्हटलं की या लोकांना हक्कापेक्षा जास्त मिळालंय असं वाटतं. झाडू दुसऱ्या कुणी हातात घेतला नाही, हे सांगायला त्या तक्त्यात रकाना नाही. शेऱ्यात 'वारसा नियुक्तीमुळे' एवढं लिहिता आलं, तेवढं लिहिलं.

मावकमध्ये त्रुटी निघाल्या, निघतातच. काहींचं जात वैधता प्रमाणपत्र जोडलेलं नव्हतं, एका संवर्गात पदनिर्मितीचा शासन निर्णय हवा होता. ते कागद पुरवले आणि सही-शिक्का मिळाला. तपासणाऱ्या बाईंनी प्रत्येक आदेश स्वतः वाचला, हे सांगायलाच पाहिजे.

राहिले कंत्राटी. आमच्या वॉर्डात सकाळी फरशी पुसणाऱ्या बहुतेक बाया कंत्राटदाराच्या आहेत. नोंदवह्या टेबलावर पाहून त्यांतल्या एक मावशी म्हणाल्या, "आमचं नाव हाय का ह्याच्यात?" नाही. बिंदुनामावली मंजूर नियमित पदांची. बाह्यस्रोताने घेतलेल्या मजुराचा प्रवर्ग, दिव्यांगत्व, कशाचीच नोंद आमच्या शाखेत नाही. हजेरीपट कंत्राटदाराकडे, बिल लेखा शाखेकडे.

पुढच्या निविदेत ही माहिती दर तिमाहीला द्यायची अट घालावी, अशी टिप्पणी मी सादर केली आहे. साहेबांनी 'चर्चा करावी' असा शेरा मारला. फाइल सध्या भांडार विभागात आहे.