आईला आत बसवून बघितलं तेव्हा टब ठरला

गेल्या ऑगस्टपासून आमच्या घरात एकच विषय चालू होता, हॉट टब, म्हणजे अंगणात ठेवून आत बसायचा गरम पाण्याचा मोठा टब. आता टब येऊन चार महिने झाले आणि इथल्या बऱ्याच मराठी मंडळींचे फोन येतायत की कसा काय ठरवला, केवढ्याला पडला, आम्ही पण बघतोय, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. लांबेल थोडं, पण वाचा, कारण पैसे भरपूर जातात आणि हजार-दोन हजार किलोची वस्तू एकदा अंगणात बसली की परत पाठवता येत नाही.

आम्ही राहतो अमेरिकेत, मिनियापोलिसच्या बाहेर. माझं माहेर दापोली तालुक्यातलं. लहानपणी वर्षातून एकदा तरी आजीबरोबर उन्हवऱ्याला जायचो, तिथे गरम पाण्याचे झरे आहेत, उन्हाळं म्हणतो आम्ही. गंधकाचा वास, आणि पाणी इतकं कढत की आधी नुसते पाय बुडवायचे, मग हळूहळू आत. आजी सांधे धरले म्हणून जायची आणि येताना एस्टीत शांत झोपायची हे मला अजून आठवतं. आता आईचे गुडघे तसेच झालेत. गेल्या जुलैत ती सहा महिन्यांसाठी इकडे आली, फिजिओथेरपिस्टने सांगितलं की कोमट-गरम पाण्यात पाय हलवायचे व्यायाम केले तर गुडघ्यावर वजन न येता हालचाल होते, तर दोन महिने आम्ही तिला गरम पाण्याच्या पूलवर नेत होतो. पण नोव्हेंबरनंतर बर्फात सकाळी सकाळी तिला गाडीतून न्यायचं म्हणजे माझ्याच पोटात गोळा यायचा. शिवाय नवऱ्याची पाठ, ती वेगळीच.

आपण सगळ्यालाच जकूझी म्हणतो, पण ते एका घराण्याचं आडनाव आहे. इटलीतून कॅलिफोर्नियात आलेले जकूझी बंधू पंप बनवायचे, त्यातल्या कँडिडो जकूझींच्या मुलाला लहानपणीच संधिवात झाला आणि त्याला घरच्या टबात उपचार घेता यावेत म्हणून १९५० च्या दशकात त्यांनी टबात सोडायचा पंप तयार केला. टबाच्या भिंतीतच जेट, म्हणजे पाण्याचा जोरदार झोत सोडणारी तोंडं, बसवलेला प्रकार नंतर १९६८ मध्ये आला. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं, कारण आमचं पण कारण तेच होतं, दुखणारे सांधे.

सुरुवात आम्ही चुकीच्या टोकाने केली. स्टेट फेअरला, म्हणजे इथल्या राज्याच्या मोठ्या जत्रेला गेलो होतो, तिथे हॉट टबचे स्टॉल, प्रत्येक टबावर मोठ्ठ्या अक्षरात ४० जेट्स, ६० जेट्स, रंगीत दिवे, स्पीकर. एका स्टॉलवाल्याने आजच सही केली तरच ही किंमत असं अर्धा तास धरून ठेवलं आणि नवरा जवळजवळ करणार होता सही. घरी येऊन वाचलं तर कळलं की जेट कितीही असू देत, पाणी ढकलणारा पंप तेवढाच, त्यामुळे साठ जेटात तेच पाणी वाटलं गेलं की प्रत्येकाचा जोर कमी होतो. पंपावर लिहिलेले हॉर्सपॉवर पण बऱ्याचदा क्षणभराचे कमाल आकडे असतात, सतत चालताना किती ते विचारायचं असतं. त्या दिवसापासून जेट मोजणं सोडलं.

मग जागा. आमची इच्छा होती डेकवर, म्हणजे घराला लागून असलेल्या उंच ओट्यावर ठेवायचा, किचनच्या दारातून दोन पावलं, आईला सोपं. पण हिशोब करून बघा. आम्ही बघत होतो तो टब ३२० गॅलनचा, एक गॅलन पाणी ८.३४ पौंड, म्हणजे पाणीच जवळजवळ २,७०० पौंड, रिकामा टब ७००, वर चार माणसं, झाले ४,००० पौंड, म्हणजे १,८०० किलो, आणि हे सगळं साडेसहा बाय साडेसहा फुटांत, म्हणजे चौरस फुटाला ९५ पौंडांच्या आसपास. साधा डेक चौरस फुटाला ४० पौंड धरून बांधलेला असतो. डेक मजबूत करायचा तर नवे खांब, आणि इथे जमीन गोठते म्हणून पाया ४२ इंच खाली न्यावा लागतो. त्यापेक्षा डेकच्या पायऱ्यांना लागूनच खाली खडीवर काँक्रीटचा स्लॅब टाकला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात केलं ते, जमीन गोठायच्या आत, आणि स्लॅबवाले ऐन वेळी मिळत नाहीत हे लक्षात ठेवा.

विजेचा मुद्दा मात्र सगळ्यात महत्त्वाचा निघाला. काही टब साध्या १२० व्होल्टच्या सॉकेटवर चालतात, प्लग लावा झालं, इलेक्ट्रिशियनचा खर्च वाचतो, म्हणून मोह होतो. पण त्यांचा हीटर साधारण १ किलोवॅटचा, आणि बऱ्याच मॉडेल्सना जेट जोरात चालू केले की हीटर बंद पडतो कारण सॉकेटला दोन्ही झेपत नाही. ३२० गॅलन पाणी ५० डिग्री फॅरनहाइटवरून १०० वर न्यायला १ किलोवॅटला जवळजवळ ४० तास लागतात, तेही उष्णता अजिबात बाहेर गेली नाही असं धरून. २४० व्होल्टवर साडेपाच किलोवॅटचा हीटर तेच काम ७ तासांत करतो. जॉर्जिया, टेक्सास, फ्लोरिडावाल्यांना प्लगवाला चालेल, खुशाल घ्या. आमच्याकडे जानेवारीत शून्याखाली २० फॅरनहाइट होतं, तिथे बाहेर जेट लावून बसलं की पाणी थंड होत जाणार आणि परत तापायला दुसरा दिवस उजाडणार. आम्ही २४० व्होल्ट, ५० अँपची वेगळी लाईन घेतली, जीएफसीआय ब्रेकर, म्हणजे वीज गळली की लगेच बंद करणारा, आणि बाहेर वीज तोडायचा डिस्कनेक्ट स्विच, टबातून दिसेल असा पण पाण्यापासून निदान ५ फूट लांब. परमिट काढूनच करा हे काम, पाणी आणि वीज एकत्र आहे, इथे काटकसर नको.

हवा भरायचे टब पण बघितले, इंटेक्स वगैरे कंपन्यांचे. हजार डॉलरच्या आत येतात आणि आपल्याला गरम पाण्यात बसायची सवय लागते का हे बघायला छान आहेत, माझ्या मैत्रिणीने दोन उन्हाळे तोच वापरला. पण ते ४० फॅरनहाइटच्या खाली वापरू नका असं बऱ्याचशांच्या पुस्तिकेतच लिहिलेलं असतं. म्हणजे आम्हाला ज्या महिन्यांत हवा त्याच महिन्यांत तो घडी करून बेसमेंटमध्ये.

थंड प्रदेशात राहत असाल तर इन्शुलेशन, म्हणजे उष्णता आत धरून ठेवणारा थर, आणि कव्हर, बास, बाकी सगळं नंतर. हॉट स्प्रिंगसारख्या काही कंपन्या टबाच्या पोटात पूर्ण फोम भरतात, कॅनडाची आर्क्टिक स्पाज ही कंपनी बाहेरच्या भिंतीला इन्शुलेशन लावून आत पोकळी ठेवते. पहिल्यात पाइप गळला तर फोम उकरून दुरुस्ती, दुसऱ्यात पाइप उघडे दिसतात. दोन्हींचे भक्त आहेत आणि दोन्ही बाजूंचं ऐकून मला तरी वाटलं की नीट बांधलेला असेल तर दोन्ही चालतात, स्वस्त टबात दोन्ही नसतं ही खरी अडचण. टबावर एक लेबल असतं, नुसता झाकून ठेवला तर किती वॅट लागतात ते. आमच्यावर १९० वॅट आहे, म्हणजे महिन्याला १३७ युनिट. पण ती चाचणी बाहेर ६० फॅरनहाइट धरून केलेली असते, पाणी १०२ ला, म्हणजे फरक ४२ चा. बाहेर १० असेल तर फरक ९२ चा, दुपटीहून जास्त, तर वीज पण त्याच प्रमाणात. आम्हाला जानेवारीत बिल ५० डॉलरने वाढून आलं, हिशोबाला धरूनच आलं. आणि कव्हर जाड घ्या, मध्ये ५ इंच कडेला ३ इंच असं उतरतं, म्हणजे बर्फ वितळलेलं पाणी साचत नाही. कुलूपवालं घ्या, घरात लहान मुलं असोत नसोत, शेजारी असतातच. कव्हरचा फोम काही वर्षांनी पाणी पिऊन जड होतो, तेव्हा बदलायचं, तो खर्च धरून ठेवा.

आता खरी गोष्ट. आम्ही दोघांनी एक टब पक्का केला होता, लाउंजरवाला, म्हणजे पाय लांब करून पसरायची जागा असलेला. शोरूममध्ये पाणी भरलेले टब असतात, आधी वेळ घेऊन गेलं तर आत बसू देतात, कपडे-टॉवेल घेऊन जायचं, लाजायचं नाही. आईला घेऊन गेलो. आई चार फूट अकरा इंच. टबाची भिंत ३८ इंच. ती भिंतीपाशी उभी राहिली आणि म्हणाली, अगं, मी यात चढू कशी? नवरा म्हणाला, आई, पायऱ्या आहेत ना, मी धरतो तुम्हाला. चढली कशीबशी, पण कडेवरून पाय आत टाकताना गुडघा पूर्ण दुमडावा लागतो, आणि तेच तर तिला जमत नाही. आत गेल्यावर त्या लाउंजरमध्ये बसली तर तरंगायलाच लागली, उंची कमी असली की पाय टेकत नाहीत आणि पाणी उचलतं, ती कडेला घट्ट धरून बसली होती. तिचा चेहरा बघून मला इतकं वाईट वाटलं, कारण ज्या माणसासाठी घेतोय तिलाच आम्ही मोजलं नव्हतं.

त्यानंतर दीड महिना आम्ही फक्त आईच्या मापाने टब बघितले. भिंत किती उंच, पहिलं पाऊल आत कुठे पडतं, तिथे सपाट पायरीसारखी सीट आहे का, दांडा बसवता येतो का, बसल्यावर पाणी खांद्यापर्यंत येतं की नाकापर्यंत, गुडघे हलवायला मध्ये मोकळी जागा आहे का. बुलफ्रॉग कंपनीच्या टबात प्रत्येक सीटच्या पाठीचा जेटचा पॅक काढून बदलता येतो, ती कल्पना नवऱ्याला फार आवडली, पण आईला त्यात उतरताना त्रास झाला म्हणून सोडला. शेवटी पाच जणांचा, लाउंजर नसलेला, ३४ इंच भिंतीचा घेतला, एका कोपऱ्यात उंच सीट आहे, तिथूनच ती उतरते. मॉडेलचं नाव विचारू नका, मॉडेल दर वर्षी बदलतात, आणि तुमच्या गावात सर्व्हिसला कोण येतं त्यावर तुमचं उत्तर वेगळं असेल. आम्हाला टब, कव्हर, पायऱ्या, दांडा मिळून ९,८०० डॉलर, स्लॅब १,९०० आणि इलेक्ट्रिशियन १,६०० पडले. ऑनलाइन दोन हजारांनी स्वस्त मिळत होता, पण तो ट्रकवाला ड्राइव्हवेच्या तोंडाशी ठेवून जातो, मागे अंगणात न्यायची जबाबदारी आपली, आणि वॉरंटीत पार्ट असतात पण मजुरी नसते. उणे २० मध्ये पंप बंद पडला आणि माणूस चार दिवस आला नाही तर पाइप गोठून फुटतात, म्हणून वीस मिनिटांवरचा डीलर आम्ही जास्त पैसे देऊन निवडला आणि परत निवडू.

पाण्याचं सांगते, कारण हे कोणी आपल्या लोकांना सांगत नाही. डोक्याला तेल लावून टबात जायचं नाही. आईची रविवारची सवय, तेल मग गरम पाणी, पहिल्याच आठवड्यात टबाच्या कडेला चिकट रेघ, वर फेस आणि फिल्टर चोंदला. टब म्हणजे अभ्यंगस्नानाचं घंगाळ नाही, तेच पाणी तीन-चार महिने असतं. आधी साबण लावून आंघोळ, मग टब. कपड्यात राहिलेल्या डिटर्जंटचा पण फेस होतो, म्हणून आईचे टबातले लेगिंग-टीशर्ट वेगळे ठेवले, नुसत्या पाण्यात खळबळायचे. जंतू मारणारं क्लोरीन ३ पीपीएमच्या (दहा लाख भागांत ३) खाली जाऊ द्यायचं नाही, त्याऐवजी ब्रोमीन असेल तर ४, आणि पाण्याची आम्लता दाखवणारा पीएच ७.२ ते ७.८. पट्टी बुडवून बघायला मिनिट लागत नाही. गरम पाण्यात क्लोरीन लवकर उडतं आणि मग स्यूडोमोनास नावाच्या जंतूचं पुरळ उठतं किंवा हवेत उडणाऱ्या बारीक तुषारांतून लेजिओनेला हा दुसरा जंतू छातीत जातो, म्हाताऱ्या माणसाला ते फार महागात पडतं. सॉल्ट सिस्टम म्हणजे केमिकल नाही असं एका विक्रेत्याने सांगितलं, ते चूक आहे, मिठापासून तिथल्या तिथे क्लोरीन किंवा ब्रोमीनच तयार होतं.

तापमान १०४ फॅरनहाइटच्या वर जातच नाही, ती इथली मर्यादा आहे. आईला बीपीची गोळी आहे म्हणून आधी डॉक्टरांना विचारलं, त्यांनी १०० ला ठेवा, पंधरा मिनिटांत बाहेर आणि एकटीने नाही असं सांगितलं, तसंच करतो. प्रेग्नंट असाल, हृदयाचं काही असेल तर विचारल्याशिवाय बसू नका, आणि ड्रिंक घेऊन तर नाहीच.

पुण्याच्या मावसभावाने विचारलंय की गच्चीवर ठेवू का. अरे, आपल्याकडे गच्चीचा स्लॅब चौरस मीटरला १५० किलो धरून डिझाइन करतात आणि भरलेला टब ४५० च्या वर जातो, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलाव, सोसायटीला नंतर विचार.

पाणी आम्ही नोव्हेंबरच्या शेवटी बदललं, कडक थंडीच्या आधी, म्हणजे मार्चपर्यंत टब रिकामा करावा लागत नाही. त्या संध्याकाळी आई पहिल्यांदा दांडा धरून स्वतःची स्वतः उतरली, मी नुसती बाजूला उभी होते. बर्फ भुरभुरत होता, तिने शाल डोक्याला गुंडाळली होती, पाण्याखाली गुडघे हळूहळू वर-खाली करत होती आणि म्हणाली, उन्हवऱ्याचा वास तेवढा नाही हो याला. जानेवारीत ती परत गेली. जूनचं तिकीट काढलंय.