फरशीची घासणी

पुण्यातल्या आमच्या १९७४ सालच्या घरातली मोझॅइकची फरशी उखडून व्हिट्रिफाइड टाइल्स बसवाव्यात की आहे तीच घासून घ्यावी, यावर घरात आठवडाभर खल झाला आणि अखेर, खरे सांगायचे तर खर्चाकडे पाहून, घासण्याचे ठरले. पॉलिश म्हणजे वरून काहीतरी चोपडायचे, अशी माझी तोवर समजूत होती. प्रत्यक्षात मिस्त्रींनी मशीनला ६० नंबरचे, म्हणजे भरड, कार्बोरंडमचे घासायचे दगड लावले, पाणी सोडले आणि फरशीवर होती नव्हती ती चमकही घालवून टाकली. पुढे १२० आणि ३२० नंबरचे दगड आले. प्रत्येक दगड आधीच्याचे ओरखडे पुसतो आणि स्वतःचे, त्याहून बारीक ओरखडे मागे ठेवतो. ते डोळ्यांना दिसेनासे झाले की आपण त्याला चमक म्हणतो.

पहिल्या घासणीत मोझॅइकच्या सिमेंटमध्ये बसवलेल्या संगमरवरी चिपांभोवतीची टाचणीच्या टोकाएवढी भोके उघडी पडली. त्यांत त्याच रंगाचे पातळ सिमेंट चोळून ते काही दिवस ओले ठेवायचे असते, म्हणून आम्ही गाद्या गॅलरीत घेतल्या. घासणीची राखाडी रबडी मोरीत ओतू नका, आत जाऊन दगड होतो, असे मिस्त्रींनी बजावले होते. मी एकच बादली ओतली. प्लंबरने किती घेतले, हे घरात अजून काढले जाते.

मशीन कोपऱ्यात शिरत नाही. तिथे मिस्त्री उकिडवे बसून हातदगडाने घासत आणि दर थोड्या वेळाने डोळे दुसरीकडेच ठेवून ओल्या फरशीवरून तळहात फिरवत. सर्वांत शेवटी ऑक्झॅलिक आम्लाची पांढरी पूड, चौरस मीटरला ३३ ग्रॅमच्या हिशेबाने भुरभुरवून, पाण्याचा शिपका मारून लोकरीच्या बोळ्याने रगडली, तेव्हा कुठे खिडकीचे गज फरशीत दिसू लागले.

ओट्यापुढचे लिंबाचे पांढुरके डाग गेले. संगमरवराला आंबट सोसत नसले तरी ते वरवरच खाते. आजीच्या ट्रंकेने सोडलेला गंजाचा चौकोन मात्र तसाच राहिला. "काकू, हा आत मुरलाय, फरशीच बदलावी लागेल," असे मिस्त्री म्हणाले, तेव्हा आईने गॅलरीतली ट्रंक आणवून पुन्हा तिथेच ठेवली.