हो, नाही आणि तिसऱ्या मजल्याचा जिना

‘मन उदास आहे’ असं आजी-आजोबा सहसा म्हणत नाहीत. डोकं जड झालंय, पोट साफ होत नाही, अंगात त्राण नाही, असंच ऐकू येतं. चीनमध्येही हेच. 1980 साली मानसोपचारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी हुनान प्रांतात मज्जातंतूंच्या दुर्बलतेचा शिक्का बसलेले 100 रुग्ण तपासले. त्यांतल्या 87 जणांना मोठं नैराश्य होतं.

वृद्धांमधलं नैराश्य हेरणाऱ्या जीडीएस (जेरियाट्रिक डिप्रेशन स्केल) प्रश्नावलीत मात्र झोप, भूक, दुखणं यांवर प्रश्न नाहीत. म्हातारपणी ते तसंही बिघडलेलं असतं. छोट्या आवृत्तीत 15 प्रश्न, गेल्या आठवड्याबद्दल, उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’. गुण मोजताना हमखास घोळ होतो: 1, 5, 7, 11, 13 या प्रश्नांना ‘नाही’ला गुण, बाकी दहांना ‘हो’ला. बेरीज 5 च्या वर गेली की डॉक्टर गाठा. हे निदान नव्हे, चाळणी आहे.

सून शेजारी भाजी निवडत असताना विचारलंत, तर ‘मला काय कमी आहे?’ हेच उत्तर मिळणार. त्यात कानाला कमी ऐकू येत असेल तर प्रश्न अख्ख्या चाळीला ऐकू जातो! ठळक अक्षरात छापलेला कागद हातात द्या.

नववा प्रश्न: बाहेर जाण्यापेक्षा घरीच बसावंसं वाटतं का? गिरगावात तिसरा मजला, लाकडी जिना, झिजलेले गुडघे. इथला ‘हो’ मनाचा की जिन्याचा? गुण बदलू नका, पण शेजारी कारण लिहा. चीनमध्ये 1 जुलै 2013 पासून वेगळं राहणाऱ्या मुलांनी आईवडिलांना वरचेवर भेटावं असं कायद्यातच आहे. भेटायला येणारा मुलगा जिना चढतो, आजी मात्र वरच राहते. आयुष्य सुसह्य करायचं तर कठडा, काठी, गुडघ्यांचे व्यायाम हेही उपचारच.

डॉक्टरांकडे टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-12, हिमोग्लोबिन, सोडियम यांबद्दल विचारा. नैराश्याच्या काही गोळ्या आणि लघवी वाढवणारी बीपीची गोळी एकत्र आल्या की सोडियम घसरू शकतं. मग गोंधळल्यासारखं होतं, तोल जातो. नैराश्याच्या गोळीचा परिणाम दिसायला चार-सहा आठवडे लागतात, लोक आठव्या दिवशी गोळी सोडतात. झोपेची गोळी मात्र वर्षानुवर्षं चालू, आणि रात्री बाथरूमला जाताना पडणंही.

आत्महत्येबद्दल थेट प्रश्न या पंधरांत नाही. तो वेगळा विचारा. विचारल्याने कल्पना डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर त्यांना एकटं सोडू नका, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लावा. मराठीतही बोलतात.